अल्पाइन ए290 की एमजी4 एक्सपॉवर: नुसत्या दिसण्याला किती पैसे मोजावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडात रेडिंगजवळ राहता, जुनी पेट्रोल हॅचबॅक विकून स्पोर्टी इलेक्ट्रिक घ्यायची आहे. अल्पाइन ए290 दिसायला मनात भरली आहे, पण तेवढ्याच पैशांत एमजी4 एक्सपॉवर दुपटीहून जास्त ताकदीची मिळते. अशा वेळी नुसत्या दिसण्यासाठी पैसे घालणं शहाणपणाचं आहे का?

मी दोन्ही चालवून पाहिल्या आणि 2025 च्या वसंतात ए290 घेतली, तीही सगळ्यात साधी जीटी. त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे, हे धरूनच वाचा.

कागदावर पाहिलं तर निकाल एमजीच्या बाजूने लागतो. एक्सपॉवर ब्रिटनमध्ये 36,495 पौंडांना आली. दोन मोटर, 435 हॉर्सपॉवर, आणि शून्यावरून ताशी 62 मैल 3.8 सेकंदांत. ए290 ची जीटी 33,500 पौंडांपासून सुरू झाली. तिची ताकद 180 हॉर्सपॉवर, आणि तोच वेग गाठायला तिला सात सेकंदांहून जास्त लागतात. 220 हॉर्सपॉवरची जीटीएस 38,500 ची, म्हणजे एमजीपेक्षा महाग, आणि तरीही 6.4 सेकंद घेणारी. भारतात कॉमेट आणि विंडसरमुळे एमजी हे नाव आता घरोघरी पोचलंय, तेव्हा घरच्यांनाही एमजीच पटेल.

पण चाचणीच्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. इलेक्ट्रिक गाडीत वेग स्वस्त झालाय. पेट्रोलच्या काळात चार सेकंदांच्या आत 62 गाठायचं म्हणजे मोठं इंजिन, टर्बो, भक्कम गिअरबॉक्स आणि त्यासाठी अफाट पैसा लागायचा. आता दुसरी मोटर मागच्या चाकांना जोडली की काम होतं. एक्सपॉवरमध्ये तो धक्का पहिल्यांदा बसला तेव्हा मी खरंच थक्क झालो. पाचव्यांदा मात्र मान आखडली. मोटरवेवर मर्यादा 70 मैलांची, आणि एम4 धरून वेल्सला गेलात तर सप्टेंबर 2023 पासून तिथल्या वस्त्यांमधून 20 ची. म्हणजे ती ताकद वापरायची कुठे, हा प्रश्न उरतोच.

आणि त्या ताकदीची किंमत इतरत्र मोजावी लागते. एक्सपॉवरचं वजन 1,800 किलोच्या घरात, ए290 चं 1,479. सुमारे सव्वातीनशे किलोंचा हा फरक वळणावर, ब्रेकवर आणि टायरवर दिसतो. बॅटरी पाहा: एमजीची 64 युनिटची, अल्पाइनची 52 ची. तरी अधिकृत पल्ला जवळपास सारखाच, एमजी 239 मैल आणि ए290 जीटी 236. थंडीत कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीचा पल्ला घटतो. मी जानेवारीत मोटरवेवर दीडशे मैलांच्या आसपासच धरून चालतो.

आता दिसण्याचं बोलू, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे आणि लोक तो उगाच हलका समजतात.

ए290 ही मुळात नवी रेनो 5 आहे. सांगाडा तोच, फक्त अंग 60 मिलिमीटरने रुंद. हा आकडा छोटा वाटतो, पण शेजारी दोन्ही गाड्या उभ्या केल्या की रेनो 5 सरळ उभी राहिलेली दिसते आणि अल्पाइन पाय रोवून. चाकांवरचे फुगवटे, 19 इंची चाकं, आणि पुढे चार दिवे. त्या दिव्यांवर फुलीची खूण आहे. जुन्या रॅलीत दगड उडून दिव्याची काच फुटली तर तुकडे रस्त्यावर पसरू नयेत म्हणून काचेवर चिकटपट्टीची फुली मारत, त्यावरून ती घेतलेली. अल्पाइन ही 1955 मध्ये ज्याँ रेदेले यांनी फ्रान्समधल्या दिएप गावी सुरू केलेली कंपनी, आणि रॅली हाच तिचा जीव. 1970 च्या दशकात जुन्या रेनो 5 ची अल्पाइन आवृत्तीही निघाली होती, पण ब्रिटनमध्ये ‘अल्पाइन’ या नावाचा हक्क दुसऱ्या कंपनीकडे असल्यामुळे ती इथे गोर्डिनी म्हणून विकली गेली. असा इतिहास त्या गाडीच्या चेहऱ्यावर आहे, आणि तो ओढून आणल्यासारखा वाटत नाही.

एक्सपॉवर कुरूप मुळीच नाही. साधी एमजी4 सुद्धा रेखीव आहे, मागचा दोन भागांत विभागलेला स्पॉयलर मला आवडतो. पण एक्सपॉवर आणि साधी एमजी4 यांत फरक काय, तर नारिंगी ब्रेक कॅलिपर आणि 18 इंची चाकं. आत बसलात तर तोही फारसा जाणवत नाही. पैसे सगळे मोटरमध्ये गेलेत, डोळ्याला दिसत नाहीत. अल्पाइनमध्ये उलट: पुढे ब्रेम्बोचे ब्रेक, खाली सपाट असलेलं स्टिअरिंग, त्यावर ओव्हरटेकसाठीचं लाल बटण, मोटरने गाडी किती रोखायची ते ठरवणारी निळी गोल खुंटी. रोज हाताला लागणाऱ्या गोष्टींवर खर्च केलाय.

मागच्या दसऱ्याला आई साताऱ्याहून आलेली होती. तिने बागेतल्या झेंडूची माळ त्या चार दिव्यांवरून अशी घातली की शेजारची इंग्रज आजी फोटो काढायला बाहेर आली. आईने दोघींची भाषा जुळत नसताना तिला पेढा दिला. गाडी पार्क करून घराकडे जाताना मी आजही मागे वळून बघतो. याची किंमत पौंडांत कशी मांडायची ते तुम्हीच ठरवा, पण माझ्या हिशेबात ती शून्य नाही.

खर्चाचं आता स्पष्ट सांगतो. दोन गाड्यांमधल्या किमतीच्या फरकापेक्षा तुम्ही चार्ज कुठे करता याने जास्त फरक पडतो. घरी चार्जर आणि रात्रीचा स्वस्त दर असेल तर युनिटला सात-आठ पेन्स पडतात. एका युनिटात साडेतीन मैल धरले तर वर्षाच्या 8,000 मैलांना पावणेदोनशे पौंडांच्या आसपास. हेच सगळं रस्त्यावरच्या जलद चार्जरवर, युनिटला 75 पेन्स देऊन केलंत तर सतराशे पौंड. गॅलनला 35 मैल देणारी पेट्रोलची स्पोर्टी हॅचबॅक तेवढ्याच अंतराला साधारण चौदाशे पौंडांचं पेट्रोल पिते. म्हणजे घरी चार्जरची सोय नसेल तर इलेक्ट्रिक महाग पडते. घरच्या विजेवर व्हॅट 5 टक्के आणि सार्वजनिक चार्जरवर 20 टक्के, हेही त्यामागचं एक कारण.

रस्ताकर 2025 च्या एप्रिलपासून इलेक्ट्रिकलाही लागू झालाय: 2025-26 मध्ये तो पहिल्या वर्षी 10 पौंड, नंतर वर्षाला 195 असा होता. शिवाय नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात एप्रिल 2028 पासून मैलाला 3 पेन्सचा कर जाहीर झालाय. 8,000 मैलांना 240 पौंड. पाच वर्षं गाडी ठेवणार असाल तर तो आत्ताच हिशेबात धरा. सरकारी अनुदानाकडेही बघा: 2025 च्या उन्हाळ्यात सुरू झालेल्या योजनेत ए290 ला 1,500 पौंड मिळाले, म्हणजे जीटी 32,000 वर आली. चीनमध्ये बनणाऱ्या एमजी4 ला ते नाही. मी त्याआधीच घेतल्यामुळे मला मिळालं नाही, तुम्ही सोडू नका.

नोकरीतून पगार कापून गाडी घेण्याची सोय असेल तर ती आधी तपासा. 2025-26 मध्ये अशा इलेक्ट्रिक गाडीच्या किमतीच्या 3 टक्के रकमेवरच आयकर लागत होता. 33,500 च्या गाडीवर, आयकराच्या 40 टक्क्यांच्या टप्प्यात असलात तरी, त्या वर्षी सुमारे 400 पौंड. मात्र वर्क व्हिसावर असाल तर किमान पगाराची अट मोडत नाही ना, हे एचआरकडून लेखी घ्या. रोख पैसे देऊन नवी घेऊ नका. इलेक्ट्रिक गाड्यांची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने उतरते. भाडेपट्टीवर किंवा पीसीपीवर (हप्ते भरून मुदतीअखेर परत करता येणाऱ्या कर्जावर) घेतली तर तो धोका तुमच्या डोक्यावर राहत नाही. आणि लायसन्स अजून भारतीय असेल तर इथे स्थायिक झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत इथलं काढायलाच लागतं. विम्याचा भाव मागवाल तेव्हा 435 आणि 180 हॉर्सपॉवर यांतला फरक आपोआप कळेल. ऑर्डर देण्याआधी दोन्हींचे भाव मागवा.

माझा सल्ला: ए290 घ्या, पण जीटीएस नको, जीटी. चेहरा तोच, बॅटरी तीच, पल्ला थोडा जास्त, आणि 5,000 पौंड हातात. जीटीचे पैसेही जड वाटत असतील तर 150 हॉर्सपॉवरची रेनो 5 चालवून बघा. त्या चेहऱ्याचा बराचसा गोडवा तिच्यातही आहे आणि ती 27 हजारांच्या आसपास सुरू झाली होती. एमजीकडे वळा ते फक्त मागे मोठी माणसं नेहमी बसणार असतील तर. ए290 चार मीटरचीही नाही. आईला मागे बसवून बाथ शहरापर्यंत नेलं तेव्हा पुढची सीट मला बरीच पुढे घ्यावी लागली.

तेव्हा दोन गोष्टी कळवा: घरासमोर गाडी लावायला स्वतःची जागा आहे का, आणि मागच्या सीटवर रोज कोण बसणार? त्यावरून भाडेपट्टीचे आकडे कसे तपासायचे ते सांगतो.