तुर्कस्तानात पांढऱ्या दगडाचे कोरीव पाइप अजून बनतात का?

हो, बनतात. मेरशॉमच्या, म्हणजे याच पांढऱ्या दगडाच्या, तंबाखू ओढायच्या पाइपचं माहेर म्हणजे एस्किशेहिर, अंकाराच्या पश्चिमेचं शहर. तिथल्या ओदुनपाझारी या जुन्या भागात, अतलीहानमध्ये, कारागिरांची दुकानं आहेत. लुलेताशीचं संग्रहालयही त्याच भागात. लुलेताशी, म्हणजे चिलमीचा दगड, हे मेरशॉमचं तुर्की नाव. 'मेरशॉम' जर्मन आहे, अर्थ समुद्राचा फेस. (आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस वेगळा, तो माकलीचं हाड असतो.)

हा दगड जमिनीखालून गोट्यांच्या रूपात निघतो. ओला असताना साबणाच्या वडीसारखा मऊ, चाकूने सहज सोलला जातो. वाळला की इतका हलका होतो की पाण्यावर तरंगतो. कोरून, वाळवून, घासून झाला की गरम मधमाशीच्या मेणात बुडवतात. मग वापरता वापरता पांढऱ्याचा मधासारखा आणि पुढे तपकिरी रंग होत जातो. शौकीन लोक त्या रंगावरच जीव टाकतात.

गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकात दगड तुर्कस्तानचा आणि नाव व्हिएन्नाचं, कारण कच्चा माल तिकडे जाऊन कोरला जाई. १९७०च्या दशकात तुर्कस्तानने कच्च्या दगडाची निर्यात थांबवली, तेव्हापासून कोरीव काम घरीच राहिलं.

विकत घेताना एक बघा: दगडाचा चुरा दाबून केलेले पाइपही असतात, ते स्वस्त आणि जड. पगडीवाल्या दाढीधारी सुलतानाचं डोकं सगळीकडे दिसेल; मला विचाराल तर साधा, गुळगुळीत घ्या.