सिझरनंतरची चक्कर, सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग होतंय तरी काय?

सिझर होऊन काही महिने झाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी चक्कर येते, हे सांगत बऱ्याच जणी येतात माझ्याकडे. बहुतेक जणी वैतागूनच आलेल्या असतात, कारण कुणीतरी आधीच सांगून टाकलेलं असतं की हे तुझ्या मनाचे खेळ आहेत.

जिच्याबद्दल लिहितेय (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत) तीसुद्धा अशीच आली. मी आधी कागदच बघितले, समुपदेशक असले तरी ते बघतेच. ऑपरेशनमध्ये रक्त बरंच गेलेलं, हिमोग्लोबिन ८ च्या घरात, ते लोहाच्या गोळ्यांनी १२ वर आलेलं. थायरॉईड नॉर्मल, आणि हे बघायलाच हवं कारण बाळंतपणानंतर वर्षभरात ते बिघडू शकतं. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर बीपी घेतलेलं, वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त पडला तर उठताना अंधारी येते, तिचा पडत नव्हता. कुशीवर वळताना काही सेकंद गरगरतं का विचारलं, तो कानाचा प्रकार असू शकतो, तर तेही नाही.

म्हणजे सुरुवातीची चक्कर रक्त कमी झाल्याची होती, एकदम खरी. एकदा बाळ कडेवर असताना डोळ्यांपुढे अंधारी आली, ती कशीबशी खाली बसली, बाळाला काही झालं नाही, पण धसका बसला तो बसलाच. हिमोग्लोबिन भरून आलं तरी ही आपली दिवसभर डोक्याकडे लक्ष ठेवून, आता येतेय का, आता येतेय का. चालताना भिंतीला हात, मान ताठ, श्वास वरवरचा आणि भरभर. नवरा बिचारा चांगल्या मनाने म्हणायचा, "तू उठू नकोस, मी घेतो त्याला." त्यामुळे ती भीती खरीच वाटायला लागली.

डॉक्टरांची हरकत नाही हे विचारून घेतलं आणि खुर्चीत बसवून तिला जरा वेळ मुद्दाम भरभर श्वास घ्यायला सांगितलं. थोड्याच वेळात बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोकं हलकं. "अहो मॅडम, हेच! अगदी हेच होतं!" मग समजावलं की असा श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. शरीरातच होतं ते, नाटक नाही, फक्त त्यात धोका नाही. त्या दिवशी ती रडली आणि मी रडू दिलं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं. श्वास सोडताना लांबवायचा, भिंतीचा हात थोडा थोडा सुटा करायचा, बाळाएवढ्या वजनाची उशी घेऊन खोलीत फेऱ्या मारायच्या, मग बाळ घेऊन पलंगावर बसायचं, मग नवरा शेजारी असताना उभं राहायचं. नवऱ्याचं काम एकच, मागितल्याशिवाय बाळ घ्यायचं नाही, आणि ते त्याला तिच्यापेक्षा जड गेलं. रात्रीची सलग थोडी झोप मिळेल अशी पाळी मात्र दोघांनी लावली, झोपच नसेल तर बाकी सगळं फुकट जातं. चक्कर अजून येते कधीकधी, पण ती आता बाळ घेऊन जिना उतरते, कठडा धरून, तो तर सगळ्यांनीच धरावा.

पण तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त जात असेल, ताप, छातीत दुखणं, धाप, पोटरीला सूज, शुद्ध हरपणं, किंवा डोकं खूप दुखून धूसर दिसणं असेल तर माझ्याकडे येऊ नका, सरळ हॉस्पिटल गाठा. बाळंतपणानंतर ६ आठवड्यांपर्यंत बीपी एकाएकी वाढू शकतं, आधी कधी नसलं तरी. पाठीत भूल दिल्यावर पहिल्या काही दिवसांत उठून बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं, असं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय आहे.

आणि गोळीचं सगळ्याच विचारतात. चक्कर दाबणाऱ्या काही गोळ्या फार दिवस घेतल्या तर मेंदूला तोल सावरायची सवय व्हायला उलट वेळ लागतो, शिवाय अंगावर पाजत असाल तर कुठलीच गोळी मनाने नको, डॉक्टरांना विचारूनच घ्या.