सिंगापूरच्या स्थापनेचा अभ्यास आरंभताना

सिंगापूर बंदराच्या स्थापनेचा अभ्यास तुम्ही नव्याने हाती घेतला आहे, म्हणून सुचवतो की १८१९ आणि १८२४ या वर्षांची गल्लत होऊ देऊ नका. ६ फेब्रुवारी १८१९ रोजी ब्रिटिश अधिकारी स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी जोहोरचे सुलतान हुसेन शाह व तेमेंगाँग (मलय राज्यातील उच्च सरदार) अब्दुल रहमान यांच्याशी केलेल्या करारान्वये, अनुक्रमे ५,००० व ३,००० स्पॅनिश डॉलरच्या वार्षिक मोबदल्यात, ईस्ट इंडिया कंपनीला केवळ वखार उभारण्याची मुभा मिळाली होती. बेटाची मालकी तिच्याकडे आली ती १८२४ च्या करारानेच. (हुसेन यांना सुलतान म्हणून मान्यता देणारेही इंग्रजच!) सारे श्रेय रॅफल्स यांना देण्याची घाईही टाळावी, कारण कराराच्या दुसऱ्याच दिवशी ते निघून गेले आणि १८२३ पर्यंत कारभार सांभाळला तो कंपनीचे अधिकारी विल्यम फार्कर यांनी.