कलेची आवड असलेल्या माणसाला टीव्ही-रेडिओच्या पत्रकारितेत आयुष्यभराचं काम मिळतं का?

मिळतं, पण त्यासाठी हट्टाने जागा धरून बसावं लागतं. मला लगेच आठवतात ते ब्रिटनच्या टीव्ही-रेडिओवरचे मुलाखतकार मेल्विन ब्रॅग. मी स्वतः रेडिओसाठी मुलाखती घेते, आणि कुठे अडले की त्यांचंच काहीतरी काढून ऐकते.

उत्तर इंग्लंडमधल्या विग्टन या छोट्या गावात त्यांचे आईवडील पब चालवायचे. ऑक्सफर्डला इतिहास शिकून ब्रॅग १९६१ साली बीबीसीत प्रशिक्षणार्थी म्हणून लागले. १९७८ साली आयटीव्ही या खासगी वाहिनीवर त्यांचा 'साउथ बँक शो' हा कलाविषयक कार्यक्रम सुरू झाला, आणि पहिल्याच भागात त्यांनी आणलं पॉल मॅकार्टनीला. पॉप संगीताला ऑपेराच्या पंगतीत बसवणं तेव्हा अनेकांना रुचणारं नव्हतं. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे अजूनही लावणीवाल्याला आणि ख्यालगायकाला वेगवेगळे प्रश्न विचारले जातात!

पण त्यांचं खरं मोठेपण कळायला १९९४ची डेनिस पॉटर यांची मुलाखत बघा. पॉटर टीव्हीसाठी लिहिणारे नाटककार. स्वादुपिंडाचा कर्करोग, हातात थोडेच दिवस. दुखणं वाढलं की जवळच्या फ्लास्कमधून द्रव मॉर्फिनचा घोट घ्यायचा आणि पुन्हा बोलायला लागायचं. खिडकीबाहेर फुललेल्या पांढऱ्या बहराबद्दल ते बोलतात तेव्हा ब्रॅग मध्ये एक शब्द घालत नाहीत. ते गप्प बसणं मी कितीदा ऐकलंय! मुलाखत घेणाऱ्याला सगळ्यात अवघड जातं ते हेच. मुलाखत प्रसारित झाल्यावर दोन महिन्यांनी पॉटर गेले.

१९९८ साली ब्रॅग लॉर्ड, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य झाले, आणि त्यामुळे त्यांचा बीबीसीवरचा सोमवारचा रेडिओ कार्यक्रम सुटला. बदल्यात मिळाली गुरुवार सकाळची पडेल वेळ. तिथे त्यांनी 'इन अवर टाइम' सुरू केला: एक विषय, तीन अभ्यासक आणि भरपूर वाचून आलेला सूत्रधार. सहा महिने चालेल असं त्यांना वाटलं होतं. २०२५ साली ते थांबले तेव्हा हजारावर भाग झाले होते.

तेव्हा चांगला स्लॉट मिळायची वाट बघू नका. तुमच्या गावातला एखादा मूर्तिकार नाहीतर तबलजी गाठा, त्याच्या कामाबद्दल आठवडाभर वाचा, चार मैफली ऐका किंवा कारखान्यात जाऊन बसा. रेकॉर्डर त्यानंतर काढा.