बेळगावच्या थंडीत पहाटे सायकलने कामाला जाता येईल का?

तुम्ही डिसेंबरात बदली होऊन बेळगावला येताय, पहाटे सहाला सायकलने निघायचंय, आणि कुणीतरी सांगितलंय की तिथल्या थंडीत सायकल चालवली की छाती भरते. शिवाय गिअरची घ्यावी की साधी, हेही विचारलंय.

खुशाल जा. मी उचगावहून उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला सायकलनेच जात होतो, ऐन जानेवारीतसुद्धा.

हे छाती भरायचं मात्र मी ऐकून घेणार नाही. आमच्या दाजींचं हे आवडतं वाक्य. एका थंडीत मला खोकला लागला तो हटेना. दाजी बहिणीला घेऊन संक्रांतीला आले, माझी ढास ऐकली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या थंडीत सायकल मारूलास, छाती भरंल न्हाई तर काय हुईल?" झालं. आईने सायकलची किल्ली लपवली, बायको मोपेडचे हप्ते मोजायला लागली. मी तेव्हा एका फाउंड्रीत फेटलिंगला होतो. दिवसभर कास्टिंगला, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडी भागांना, चिकटलेली वाळू घासून काढायची. रुमाल सोडला की नाकाजवळची घडी काळी झालेली असायची. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कारखान्यातली वाळूची धूळ पगार देते ना, ती कशी वाईट असेल!

डॉक्टरांनी एकच विचारलं, "मे महिन्यात खोकला थांबतो का?" थांबत नव्हता. खटपट करून मशीन शॉपला बदली घेतली, आणि पुढच्या थंडीत त्याच रस्त्याने, त्याच सायकलने जाऊनही खोकला बेताचा राहिला. दाजींना सांगितलं तर म्हणाले, "औषध लागू पडलं असंल." आजही लग्नकार्यात भेटले की पहिला प्रश्न, "सायकल सोडलास काय न्हाई?"

फिनलंडमध्ये औलू नावाचं गाव आहे. तिथे बर्फात, शून्याच्या खाली मुलं सायकलने शाळेला जातात, टायरला धातूचे बारीक खिळे बसवून लोक कामावर जातात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली तिथेच भरली होती. आपलं बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, पारा फार तर १० च्या आसपास उतरतो. त्याला कसली थंडी म्हणायची?

वारा मात्र लागतो, ते खरं. १० अंश असताना ताशी २० किलोमीटरने निघालात तर अंगाला ७ वाटतात. मार्कंडेय नदीकडच्या सखल भागात गार हवा साचून राहते, तिथे शिरलं की बोटं आखडतात, ब्रेक दाबलाय की नाही तेच कळत नाही. लोकरीच्या हातमोज्यांतून वारा आरपार जातो, गाडीवाले वापरतात ते रेक्झिनचे घ्या. छातीवर शर्टाच्या आत तरुण भारतची दोन पानं घाला. हसू नका, युरोपातले शर्यतवालेसुद्धा घाट उतरताना वर्तमानपत्र घालायचे. घरातून निघताना थोडं कुडकुडायला पाहिजे. नाहीतर हिंडलग्यापर्यंत घाम येतो आणि चहाला थांबलात की तोच घाम गार पडतो. बदलायला बनियन पिशवीत ठेवा.

आणि भ्यायचंच असेल तर उसाच्या ट्रॉल्यांना भ्या. हंगाम नेमका थंडीतलाच, आणि जानेवारीत इथे सात वाजेपर्यंत सूर्य दिसत नाही. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस बाहेर आलेला. धुक्यात तो अंगावर येईपर्यंत कळत नाही. रस्त्यावर सांडलेला पाला दवाने भिजला की आमचा बर्फ तोच. त्यावर वळताना ब्रेक मारू नका, आधीच वेग कमी करा. मागे लाल लुकलुकता दिवा, मडगार्डला आणि पेडलला रेडियम. हेल्मेटचं मी सांगायला नको.

आता एक राहिलं. ज्यांना मुळातच दमा आहे त्यांना गार, कोरडी हवा खरोखर त्रास देते. तोंडाने धापा टाकत चालवलं तर जास्तच. त्यांनी नाकातोंडावर मफलर घ्यावा, म्हणजे आत जाणारी हवा जरा ऊबदार होते, आणि दम्याचा पंप (इन्हेलर) खिशात असू द्यावा. हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दाजींना यातलं काही नाही, तरी ते कोपऱ्यावरून दूध आणायला स्कूटर काढतात.

गिअरचं म्हणाल तर घर कुठे घेताय त्यावर आहे. टिळकवाडीतून उद्यमबागेला साधी सायकल पुरते. येळ्ळूर किंवा उचगावकडून येणार असाल तर गिअर असलेले बरे. कुठलीही घ्या, पण मडगार्डवाली घ्या. दुकानदार हल्ली ते काढूनच देतात आणि मग पाल्याचा चिखल पाठभर.