रॅम वाढवू की थांबू?

प्रश्न : देवगड तालुक्यात माझं लहानसं ई-सेवा केंद्र आहे. कॉम्प्युटर 2014 सालचा, चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर. रॅम 4 जीबी, साधी हार्ड डिस्क, विंडोज 10. सकाळी चालू केला की दहा मिनिटं काही सुचू देत नाही. पुढे क्रोममध्ये पाच-सहा टॅब, त्यात स्कॅनर सुरू केला की पार अडकतो. जूनमध्ये दाखल्यांना रांग लागते, लांबून आलेली माणसं खोळंबतात. दुकानदार 8 जीबी रॅमचे 2,200 रुपये सांगतो. टाकू का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, पैसे लगेच देऊ नका. तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत. सकाळची दहा मिनिटं बहुतेक हार्ड डिस्कची. विंडोज शेकडो बारीक फायली वाचत असतं आणि फिरत्या तबकडीला ते झेपत नाही. दुपारचं अडकणं मात्र रॅमचं, म्हणजे चालू कामाचं सामान ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीचं. ती भरली की विंडोज तिच्यातलं सामान डिस्कवर टाकतं, लागेल तसं परत आणतं, आणि त्या ये-जा करण्यात वेळ जातो.

भर गर्दीत कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा आणि टास्क मॅनेजर बघा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम खरंच कमी पडतेय. मेमरी साठ-सत्तर आणि डिस्क शंभरावर असेल, तर रॅमवर खर्च करू नका.

त्याआधी विंडोज 64 बिट आहे ना, तेही सेटिंग्जमध्ये पाहून घ्या. जैतापूरच्या माझ्या मेव्हण्याला मी हौसेने 8 जीबी करून दिली होती. विंडोज निघालं 32 बिट. ते 4 जीबीच्या पुढे जातच नाही. त्याचे पैसे अडकले, याची मला अजून रुखरुख आहे.

आता माझं मत. तुमच्या मशीनला डीडीआर-3 प्रकारची रॅम लागते. नव्या मशीनना डीडीआर-4 किंवा 5 लागते, खाचच वेगळ्या जागी असते, त्यामुळे आज घेतलेली रॅमची पट्टी पुढे नेता येणार नाही. साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, मात्र पुढच्या कॉम्प्युटरलाही बहुधा लागेल. म्हणून आधी 256 जीबीची एसएसडी घ्या. सकाळचं दुखणं जाईल, दुपारचंही हलकं होईल. तरी मेमरी नव्वदच्या वर राहिली आणि रॅम बसवायचा दुसरा स्लॉट रिकामा असला, तर जुन्या मशीनमधून काढलेली 4 जीबीची पट्टी मागा, आठवड्यात परत घेण्याच्या बोलीवर. या मशीनला त्याहून जास्त नको.

कारण विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला, आणि विंडोज 11 चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे आय-थ्री नाहीत. तुमच्याकडे लोकांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं येतात. त्यांच्यासाठी तरी वर्षभरात मशीन बदलायचं मनात धरा आणि वाचलेले पैसे तिकडे ठेवा.

स्लॉट बघायला कॅबिनेट उघडाल तेव्हा आधी वायर काढा, लोखंडी पत्र्याला हात लावा, मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा स्वच्छ खोडरबराने हलक्या पुसा. खाऱ्या हवेने आपल्याकडे तिथे थर चढतो. पावसाळ्यात बंद पडून रत्नागिरीला माझ्या टेबलावर आलेले कितीतरी कॉम्प्युटर एवढ्यानेच सुरू झालेत.