चीनमध्ये सान्याला एकटीने समुद्रावर सुट्टीला जायचं असेल तर पहिला दिवस कसा घालवावा?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून एकटीच चार दिवसांसाठी सान्याला, म्हणजे चीनच्या दक्षिण टोकाच्या हायनान बेटावरच्या शहराला जाताय, चिनी भाषा येत नाही, पहिल्या दिवशी काय काय उरकावं आणि एकट्या बाईला जड जातं का. खाली बरीच उत्तरं प्रेक्षणीय स्थळांची यादी देणारी आहेत. माझं मत उलटं आहे. पहिल्या दिवशी एकही स्थळ बघू नका. राहायची जागा, फोनवरचे पैसे आणि जेवण या तीन गोष्टी मार्गी लावा आणि उरलेल्या वेळात पाण्यात जा.

मी मूळची श्रीवर्धनची, नोकरीला ग्वांगझूत. कपड्यांचा माल तपासण्याचं काम. तिथे जानेवारीत हाडं गोठवणारी ओली थंडी असते आणि दक्षिण चीनमधल्या घरांना गरम करायची सोय नसते. घरातसुद्धा स्वेटर घालून बसायचं. त्याला कंटाळून एका शुक्रवारी सान्याचं विमान पकडलं. दीडेक तासात उतरले तर बाहेर पंचवीस-सव्वीस अंश, माडांच्या रांगा आणि तो ओळखीचा चिकट वारा. नंतर नकाशात पाहिलं. सान्या सव्वाअठरा अंश अक्षांशावर, श्रीवर्धन अठराच्या किंचित वर. म्हणजे सरळ पूर्वेकडे रेघ ओढली तर जवळजवळ आमच्याच गावासमोर. एवढे पैसे घालवून मी अक्षरशः माहेरच्या हवेत आले होते.

आता कामाचं. सान्यात समुद्रकिनारा एक नाही, चार-पाच आहेत आणि कुठे राहता यावर सगळी सुट्टी ठरते. यालोंगवान सर्वांत देखणा, साडेसात किलोमीटरची पांढरी वाळू, पण शहरापासून पंचवीसेक किलोमीटर लांब. तिथे मोठी रिसॉर्टं आहेत, सगळीकडे नवीन लग्न झालेली जोडपी आणि आजी-आजोबांसकट आलेली कुटुंबं. हायतांगवान त्याहून लांब आणि महाग. एकटं माणूस तिथे संध्याकाळी सातनंतर खोलीत कोंडल्यासारखं होतं. एकटीने जायचं तर दादोंगहाय. किनारा छोटा आहे, गर्दी आहे, वाळू यालोंगसारखी नाही, पण मागच्या गल्लीत खानावळी, फळवाले, औषधाचं दुकान, बस सगळं आहे. रशियन पर्यटक इतके येतात की दुकानांच्या पाट्या रशियनमध्येही असतात. परकी बाई दिसली म्हणून तिथे कोणी थबकत नाही.

माझी फजिती जागेवरूनच झाली. स्वस्त म्हणून एका उंच इमारतीतल्या खोल्या देणाऱ्याकडे बुकिंग केलं होतं. काउंटरवर विशीतला मुलगा. त्याने पासपोर्ट उलटासुलटा करून पाहिला, संगणकात काहीतरी भरत राहिला. तिथे चिनी ओळखपत्राचा अठरा आकडी क्रमांक मागत होते आणि माझ्याकडे तो कुठून असणार? चीनमध्ये परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावीच लागते, एरवी ते हॉटेलच करतं. याला ती कशी करायची हे माहीतच नव्हतं. पाऊण तास फोनाफोनी, मधे मला गरम पाण्याचा पेला (चीनमध्ये कुठलाही प्रश्न आधी गरम पाण्याने सोडवून बघतात), आणि शेवटी अगदी रडवेल्या चेहऱ्याने त्याने सांगितलं की जमत नाही. पैसे परत मिळाले. मी बॅग ओढत समोरच्या साध्या हॉटेलात गेले, तिथे पाच मिनिटांत काम झालं. म्हणून सांगते, बुकिंग करण्याआधीच त्यांना भाषांतराच्या ॲपने संदेश टाका: परदेशी पासपोर्टवर खोली देता का? उत्तर आलं नाही तर ते हॉटेल सोडून द्या. आणि खोलीच्या भाड्याशिवाय अनामत रक्कम मागतात, ती परत मिळते, घाबरू नका.

व्हिसाबद्दल एक गैरसमज आधीच काढून टाकते, कारण तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी 'हायनान बेटाला व्हिसा लागत नाही' असं लिहिलंय. ती सवलत ठरावीक देशांच्या लोकांना आहे, त्या यादीत भारत नाही. आपल्याला रीतसर चिनी व्हिसा हवा.

पैशांचं मात्र घरून निघण्याआधीच करा. रोख घेतात, पण शहाळेवाल्या बाईकडेसुद्धा क्यूआर कोड टांगलेला असतो आणि सुट्टे नसतात. अलिपे आणि वीचॅट ही पैसे देण्याची दोन्ही चिनी ॲप पुण्यातच फोनवर घ्या, कार्ड जोडा, बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून ते सिम काढून ठेवू नका. माझं खातं इथलंच असल्याने मला हा त्रास नव्हता, पण भाऊ आला तेव्हा त्याचं एक कार्ड चाललं आणि एक अडून बसलं. दोन कार्डं ठेवा. अलिपेवर परदेशी कार्डाने २०० युआनपर्यंतच्या खरेदीला जादा शुल्क लागत नाही, त्यावर गेलात की ३ टक्के. एक युआन बारा-तेरा रुपयांचा धरा.

भारतीय सिमवर रोमिंग घेतलंत तर व्हॉट्सॲप आणि गुगल चालतं. हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. पहिल्या रात्री आईला फोन लागेना म्हणून घाबरणाऱ्या सगळ्यांनी वायफाय बंद करून बघावं.

हे सगळं होईपर्यंत दुपारचे दोन वाजतात. मग समुद्र.

दादोंगहायला पहिल्यांदा उतरलात की हसू येईल. घरातली सगळी माणसं, दोन वर्षांच्या पोरापासून आजोबांपर्यंत, एकाच छापाच्या फुलाफुलांच्या शर्ट-चड्डीत. नारळाची झाडं, जास्वंदी, असलं काही छापलेलं. किनाऱ्यावरच विकत मिळतं आणि विमानतळावरून बाहेर पडताना अंगावर नसलं तरी दुसऱ्या दिवशी असतंच. बायका मात्र उन्हाला भयंकर भितात. लांब बाह्या, तोंडावर कापड, वर छत्री, पाण्यात पोटरीपर्यंत. कोणी पोहण्याच्या तोकड्या कपड्यांत, कोणी नखशिखांत झाकलेली, आणि कोणाला कोणाचं काही नाही. मी लेगिंग आणि टीशर्टवर गेले. अलिबागला किंवा कळंगुटला ज्या नजरा पाठीवर जाणवतात तशा इथे एकदाही जाणवल्या नाहीत. 'यिन्दू?' म्हणजे इंडिया का, असं विचारून दोघींनी फोटो काढून घेतले, तेवढंच.

एकटीची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात लिहिलेली नसते. पाण्यात गेल्यावर पिशवी कोण सांभाळणार? त्या पिशवीत फोन, फोनमध्ये सगळे पैसे, नकाशा, भाषांतर, हॉटेलचा पत्ता. तो गेला तर तुम्ही मुक्या आणि कंगाल. मी वाळूवर दहा मिनिटं पिशवी मांडीवर घेऊन समुद्राकडे बघत बसले होते. श्रीवर्धनची पोर आणि पाण्यात जाता येईना!

शेजारी चटईवर साठी उलटलेली एक बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. दाताने टक् करून फोडायची, टरफल डाव्या मुठीत, बी तोंडात, पुन्हा टक्. नजर समुद्रावर. मी पिशवीकडे बोट दाखवलं, मग पाण्याकडे. तिने मान हलवली आणि पिशवी ओढून स्वतःच्या पाठीमागे ठेवली. चिनी भाषेत मावशी-काकूच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात. उच्चार जवळजवळ आपल्या 'आई'सारखाच. ग्वांगझूत पहिले काही महिने हा शब्द माझ्या तोंडातून निघत नसे, कोणालाही आई काय म्हणायचं! त्या दिवशी मात्र सहज निघाला.

पाण्यातून आल्यावर तिच्याशी मोडक्यातोडक्या चिनीत बोलले. ती हार्बिनकडची, चीनच्या अगदी ईशान्येची. तिकडे जानेवारीत उणे वीस. दर हिवाळ्यात नवरा-बायको सान्याला येऊन राहतात, वसंत आला की परत. अशा म्हाताऱ्यांना चिनीत 'होउन्याओ', स्थलांतर करणारे पक्षी म्हणतात. सान्यात ते इतके आहेत की गल्लीत हायनानच्या पदार्थांइतक्याच ईशान्येकडच्या डंपलिंगच्या खानावळी दिसतात.

तरी सगळ्यांनाच अशी आयी मिळेल असं नाही. फोनसाठी गळ्यात अडकवायची पाणी न शिरणारी थैली आणा, भारतातूनच, आणि घरी बादलीत बुडवून बघा. पासपोर्ट हॉटेलात. पोहताना तरंगत्या खुणांच्या दोरीबाहेर जाऊ नका, शिट्टी वाजली तर ती तुमच्यासाठीच आहे असं समजा. जानेवारीचं ऊन कोवळं वाटतं पण भाजून काढतं. संध्याकाळी माझे हात लाल झाले होते, तेही आयुष्य कोकणात काढलेल्या कातडीचे.

सूर्यास्ताची आस असेल तर दादोंगहायला बसू नका, तो किनारा दक्षिणेला तोंड करून आहे. मावळता सूर्य सान्यावान या दुसऱ्या किनाऱ्याच्या बाजूला, माडांच्या लांबलचक रस्त्यावरून दिसतो. मी त्यापेक्षा बाजारात गेले.

'दीयी शृछांग' म्हणजे पहिला बाजार, शहराच्या जुन्या भागात. खाली टबांत जिवंत मासळी, आपण निवडायची, मग शेजारच्या खानावळीत शिजवून घ्यायची आणि शिजवण्याचे पैसे वेगळे द्यायचे. भाव किलोचा नसतो, 'जिन'चा असतो, म्हणजे अर्ध्या किलोचा. 'चाळीस' ऐकून स्वस्त समजून दोन किलो घ्याल. सान्याची मासळीच्या बाबतीत एकेकाळी फार बदनामी झाली होती. २०१२ च्या चिनी नववर्षात पर्यटकांना लुबाडल्याच्या तक्रारी देशभर गाजल्या आणि नंतर सरकारने बडगा उचलला. तरीही शिजवण्याचा दर आणि वजन आधी ठरवून घ्या, आणि पिशवीतलं पाणी ओतून मगच काट्यावर ठेवायला सांगा. कोळणीशी कधी घासाघीस केली असेल तर हे शिकवायची गरज नाही.

एकटीचा घोळ असा की ही पद्धत दहा माणसांच्या गोल टेबलासाठी आहे. मी अर्धा जिन कोळंबी आणि एक मासा घेतला. पापलेटासारखा दिसत होता, पोटाकडे पिवळसर. पापलेट नव्हता. आलं, कांद्याची पात आणि सोया घालून वाफवून दिला. मासा ताजा होता हे मान्य, पण तिखट-मिठावाचून आमच्या घरात असला मासा फक्त आजाऱ्याला देतात. मग हायनानची पिवळ्या मिरचीची चटणी मागितली. रंग आंब्याच्या लोणच्याच्या खारासारखा, पण एका बोटावर घेतली आणि कान वाजले. वर सुपारीएवढी हिरवी लिंबं पिळली आणि मग जेवण जेवणासारखं लागलं. मासे खात नसाल तर 'वो छ्र सू' एवढं पाठ करा, मी शाकाहारी आहे. गोडात 'चिंगबूल्यांग' खाच. नारळाच्या दुधात मूग, साबुदाणा, फळांचे तुकडे आणि बर्फ.

बाजारातून बाहेर पडताना कोपऱ्यावर एक बाई पाटी घेऊन बसलेली दिसली आणि मी थांबलेच. हिरव्या ओल्या सुपाऱ्या उभ्या चिरलेल्या, विड्याची पानं, चुना. ती पानाला चुना लावून त्याची बोटभर त्रिकोणी घडी करत होती, माझी आजी करायची तशीच, फक्त कात नाही. सुपारीला इथे 'बिन्लांग' म्हणतात. आपल्याकडे लग्न ठरलं की 'सुपारी फुटली' म्हणतात ना? हायनानच्या डोंगरांतल्या ली लोकांतही मागणी घालायला जाताना सुपारी नेतात. एक विडा घेतला. ओली सुपारी चढते, दोन मिनिटांत कपाळाला घाम आला, म्हणून तो टाकून दिला. सुपारीने कॅन्सर होतो हे तुम्हाला माहीत आहेच. पण श्रीवर्धनच्या रोठ्याचं, म्हणजे आमच्याकडच्या नावाजलेल्या सुपारीचं, नाव घेत वाढलेल्या माणसाला तो वास सोडून पुढे जाता येत नाही.

रात्री नऊला चालत परतले. रस्त्यावर उजेड, चौकात आज्या ओळीने नाचत होत्या. भीती अशी वाटलीच नाही. नानशानची ग्वानयिनची, म्हणजे अवलोकितेश्वराची, १०८ मीटर उंच मूर्ती दुसऱ्या दिवशीही तिथेच असते, घाई नको. सकाळी सहाला उठून सूर्योदय बघायला मात्र जाऊ नका. सगळ्या चीनचं घड्याळ एकच, त्यामुळे हिवाळ्यात सान्यात सातनंतर उजाडतं. आणि तुमच्या शरीराला सहा म्हणजे पुण्याचे साडेतीन.

मी आठला गेले. आयी आधीच तिथे, चटई त्याच जागी. तिने न बोलता स्वतःची पिशवी, छत्री आणि बियांची पुडी माझ्या मांडीवर ठेवली आणि पाण्याकडे निघाली.